नावामागचा आकडा

कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून आजवर जे वाण बाहेर पडले, त्यांची बारशी फार थाटात झालेली दिसत नाहीत. कर्जत-१, कर्जत-२, कर्जत-३ असं सरळ चालू राहिलं. जोडीला कर्जत-१८४, कर्जत-१४-७ अशी थोडी अवघड नावंही आहेत. केंद्र १९१९ सालचं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये निघालं आणि पुढे हे केंद्र त्याच्या छत्राखाली आलं. कर्जत-३ हळवा, कर्जत-२ गरवा, हे इथल्या शेतकऱ्याला पेरून-कापून ठाऊक झालेलं असतं, नावातल्या आकड्यावरून ते कळायची सोय नाही. दोन तीनापेक्षा लहान म्हणून कर्जत-२ आधी कापणीला येईल असं कुणी धरून चाललं तर त्याचं वेळापत्रक कोसळेल. कर्जत-३ आणि कर्जत-७ यांची बेरीज-वजाबाकी करायलाही कुणी जात नाही. नावामागे लागला की आकडा मोजमापाचा राहत नाही, तो नावाचं अक्षर होतो.

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. संगणकाला सांगावं लागतं, आणि सी भाषेत तर हाताला धरून सांगावं लागतं. मजकुरामागे संख्या कशी जोडायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय. इतक्या बारीकशा गोष्टीवर स्वतंत्र पुस्तिका कशाला, असं कुणालाही वाटेल. प्रस्तावना लांबली आहे ती त्यामुळेच.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत असे आकडे पावलोपावली भेटतात. सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर ४७, हिस्सा २, पोटहिस्सा अ असेल तर ते ४७/२/अ होतं, आणि त्यातली तिरकी रेघ भागाकाराची नसते. गाडीच्या पाटीवर एमएच-४६, पुढे मालिकेची अक्षरं आणि चार अंक. वाट्याला सात आले तर ०००७ लिहायचं, नुसतं ७ नाही. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर कर्जत म्हणजे ‘एस’, खोपोली म्हणजे ‘केपी’ आणि शेजारी वेळेचे आकडे. हे सगळं कुठला ना कुठला प्रोग्राम छापत असतो. त्या प्रोग्रामच्या पोटात कुठेतरी एक ओळ असते, जिथे संख्या मजकुराला चिकटते. बहुतेक भाषांमध्ये ती ओळ लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. सीमध्ये ती लक्षात आल्याशिवाय राहत नाही, आणि नाही आली तर प्रोग्रामच ती आणून देतो.

आधी संगणकाच्या बाजूने बघू. १८४ ही संख्या मेमरीत बसते ती शून्य-एकाच्या रूपात: १०१११०००. तिथे एक, आठ, चार असं काही वेगवेगळं नसतं. ‘१८४’ हा मजकूर इंग्रजी अंकांत लिहिला तर मात्र तीन चिन्हं होतात आणि प्रत्येकाचा आपापला आस्की क्रमांक असतो: ४९, ५६, ५२. म्हणजे संख्या आणि तिचं लिखित रूप यांचं मेमरीत काहीच साम्य नाही. एकाचं दुसरं करायला हिशोब करावा लागतो. दहाने भागत जायचं आणि बाकी बाजूला ठेवायची. पहिली बाकी चार, मग आठ, मग एक. शाळेत एकं, दहं, शतं म्हणायचो त्याच क्रमाने, म्हणजे लिहायच्या उलट. मग सगळं फिरवायचं. हे फंक्शन विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहावं असं माझं मत आहे, नंतर जन्मभर तयार फंक्शनं वापरली तरी हरकत नाही. लिहिताना दोन ठिकाणी पाय घसरतो: संख्या शून्य असेल तर लूप एकदाही फिरत नाही आणि रिकामा मजकूर मिळतो; आणि सगळ्यात लहान ऋण संख्येचं चिन्ह बदलायला जावं तर तेवढी मोठी धन संख्या त्या जागेत मावतच नाही.

आता ती प्रसिद्ध बेरीज. कर्जतच्या कोकण ज्ञानपीठच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, खोपोलीला किंवा भिवपुरी रोडच्या बाजूला शिकणारी मुलं हल्ली सीकडे येतात ती बरेचदा दुसऱ्या भाषा चाखून. जावास्क्रिप्टमध्ये ‘कर्जत-’ अधिक ७ लिहिलं की ‘कर्जत-७’ मिळतं. पायथन सरळ नकार देते: मजकूर आणि संख्या यांची बेरीज होणार नाही. सी काय करते? ती जोडूनही देत नाही आणि नकारही देत नाही. ती दिलेली बेरीज करते, फक्त तुमच्या मनातली नव्हे.

रोमन लिपीतलं ‘कर्जत-’ घ्या: के, ए, आर, जे, ए, टी आणि आडवी रेघ, अशी सात चिन्हं. सीमध्ये अवतरणातला मजकूर बेरजेत आला की त्याच्या जागी पहिल्या चिन्हाचा पत्ता उभा राहतो. त्यात ३ मिळवले की पत्ता तीन घरं पुढे सरकतो आणि छापून येतं जे, ए, टी, रेघ: ‘जत-’. वाणाचं नाव मागितलं आणि सांगली जिल्ह्यातला तालुका मिळाला! ७ मिळवले तर पत्ता नेमका मजकुराच्या शेवटावर जातो आणि पडद्यावर कोरी ओळ येते. ना एरर, ना क्रॅश. विद्यार्थी पंधरा मिनिटं छापायच्या ओळीत चूक शोधत बसतो. क्लँग हा कंपायलर अशा वेळी इशारा देतो, की मजकुरात संख्या मिळवल्याने ती मजकुराला जोडली जात नाही. जीसीसी याबाबत गप्प असतो. आणि मुलांच्या हाताशी बहुधा जीसीसीच असतो.

पण हा वेडेपणा नाही. ‘कर्जत-१८४’ या रोमन मजकुराच्या पत्त्यात ७ मिळवले तर नेमका ‘१८४’ हाती लागतो, पुढचं नाव गळून पडतं. पत्त्यांची ही बेरीज सीचं बलस्थान आहे. ते बलस्थान आणि हा खड्डा एकाच जागी आहेत, हे तिचं वैशिष्ट्य म्हणा किंवा खोड म्हणा.

शेवटाचा उल्लेख झाला, त्याबद्दल थोडं सांगायला हवं. घाट उतरून कर्जतला आलेल्या गाडीच्या अखेरच्या डब्यावर ‘एलव्ही’ अशी पाटी असते. ती दिसली की गाडी अख्खी आली, मागे डबा सुटलेला नाही, असं स्टेशनवाले समजतात. गाडीला किती डबे आहेत हे मोजायची गरज पडत नाही. सीमधल्या स्ट्रिंगचं तसंच आहे. तिची लांबी कुठेही नोंदलेली नसते. शेवटी शून्य किमतीचा एक बाइट असतो, ज्याला आपण बॅकस्लॅश झिरो म्हणतो. मागे डबा जोडायचा तर जुनी पाटी काढायची, त्या जागी डबा लावायचा आणि पाटी नव्या शेवटावर न्यायची. स्ट्रकॅट हेच करतं. फलाट तेवढा लांब आहे का, हे मात्र ते बघत नाही.

ही पद्धत कुठून आली याची हकिगत मजेची आहे. सीची आजी म्हणावी अशी बीसीपीएल भाषा मजकुराची लांबी पहिल्याच बाइटमध्ये लिहून ठेवायची. केन थॉम्प्सन यांच्या बी भाषेने ते सोडलं आणि शेवटी खुणेचं चिन्ह ठेवलं, कारण एका बाइटमध्ये मावेल तेवढ्याच लांबीचं बंधन त्यांना नको होतं. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी घडवली तेव्हा हीच चाल पुढे आली, खूण तेवढी शून्याची झाली. पन्नास वर्षं उलटली. सोयीसाठी घेतलेल्या त्या निर्णयाचं व्याज जग अजून फेडतंय.

व्याज कसं, तर असं. ‘कर्जत-’ रोमनमध्ये सात चिन्हं आणि शेवटचं शून्य मिळून आठ. कुणी नीट मोजून आठ घरांचा अॅरे घेतला. आता त्यामागे एकच अंक जोडला की नववं घर लागतं, जे आपलं नाही. तिथे शेजारच्या व्हेरिएबलचा मुक्काम असू शकतो. प्रोग्राम बहुधा चालतोच, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी आकड्याची किंमत गुपचूप बदललेली असते. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिसच्या ‘वर्म’ने त्या काळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं आडवी केली. त्याच्या वाटांपैकी एक हीच होती: ५१२ बाइटांची जागा आणि किती येतंय हे न बघता वाचणारं ‘गेट्स’ हे फंक्शन. ते फंक्शन सीच्या प्रमाणातून हद्दपार झालं २०११ मध्ये. तेवीस वर्षांनी!

संख्या जोडण्याचं रोजचं हत्यार म्हणजे एस-प्रिंटएफ. प्रिंटएफ पडद्यावर छापतं, हे अॅरेत छापतं. पर्सेंट-एसच्या जागी मजकूर, पर्सेंट-डीच्या जागी संख्या. त्याच्यातही दोन ठिकाणी गोम आहे. जागेचा अंदाज तुम्हीच करायचा, हे एक. दुसरं म्हणजे ज्या अॅरेत लिहितोय तोच अॅरे पर्सेंट-एसला दिला, म्हणजे ‘या मजकुराला त्याच्याच मागे आकडा लाव’ असं एका दमात सांगितलं, तर प्रमाणाप्रमाणे परिणाम अनिश्चित. एका मशीनवर बरोबर उत्तर आलं म्हणून पुराव्यादाखल ते दाखवू नये. मजकूर संपतो त्या घराचा पत्ता द्यावा आणि तिथून पुढे फक्त संख्या लिहावी.

जुन्या लॅबमध्ये टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर वाढलेल्या पिढीला आयटीओए हे फंक्शन आठवेल. संख्या दिली की मजकूर तयार. ते सीच्या प्रमाणात कधीच नव्हतं. लिनक्सवर जीसीसी ते ओळखत नाही आणि मग ‘सरांनी सांगितलेलं चालत नाही’ अशी तक्रार येते. त्याच टर्बो सीत इंट सोळा बिटांचा होता, मोठ्यात मोठी संख्या ३२७६७. म्हणजे पाच अंक, एक वजाचं चिन्ह, एक शून्य: सात घरं पुरत. आज इंट बत्तीस बिटांचा. २१४७४८३६४७ पर्यंत, म्हणजे बारा घरं हवीत. जुन्या वहीतला सातचा आकडा नव्या प्रोग्राममध्ये तसाच उतरलेला मी पाहिला आहे.

१९९९ च्या प्रमाणाने एसएन-प्रिंटएफ दिलं. त्याला घरं किती आहेत ते सांगायचं, त्यापलीकडे ते एक बाइटही लिहीत नाही. ‘आता सुरक्षित झालं’ म्हणून इथे बहुतेक पुस्तकं धडा संपवतात. मला तो धडा तिथे संपवणं पटत नाही. रोमन ‘कर्जत-१८४’ला अकरा घरं लागतात. आपण दहा दिली, तर एसएन-प्रिंटएफ शिस्तीत ‘कर्जत-१८’ लिहून मोकळं होतं. मेमरी शाबूत, शेजाऱ्याला धक्का नाही, आणि पिशवीवर भलत्याच वाणाचं नाव. जे उत्तर चुकीचं असून दिसायला बरोबर आहे, त्याच्यापेक्षा क्रॅश परवडला. हे फंक्शन परत काय देतं ते बघण्याची सवय म्हणूनच लावायची: पूर्ण मजकुराला किती चिन्हं लागली असती तो आकडा ते सांगतं. तो घरांच्या संख्येइतका किंवा त्याहून मोठा असेल तर शेपूट कापली गेली आहे.

आकडा जोडला, जागाही पुरली, आणि तरी घोटाळा झाला, याचं सगळ्यात जगजाहीर उदाहरण १ जानेवारी २००० चं. सीच्या तारखेच्या रचनेत वर्षाच्या जागी १९०० पासून किती वर्षं झाली ते असतं. १९९८ साठी ९८, १९९९ साठी ९९. कित्येक प्रोग्रामरांनी ‘१९’ हा मजकूर घेतला आणि त्यामागे ही संख्या जोडली. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत. मग ती संख्या १०० झाली आणि जगभरातल्या अनेक संकेतस्थळांवर साल उमटलं १९१००. १९०० मध्ये मिळवायच्या संख्येला ‘१९’च्या मागे चिकटवलं होतं, एवढंच. बेरीज कुठे करायची आणि जोडणी कुठे, हा फरक १९९९ संपेपर्यंत दिसलाच नाही.

इथवर जे लिहिलं ते इंग्रजी पुस्तकांत विखुरलेलं का होईना, सापडेल. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर तर देशातल्या कितीतरी मुलांचा पाया तयार झाला आहे. पुढचा भाग मात्र मराठीत लिहिणाऱ्यालाच सुचावा असा आहे, आणि माझ्या लेखी पुस्तिकेचा गाभा तोच आहे.

‘कर्जत-’ देवनागरीत लिहा. डोळ्यांना दिसतं क, र्ज, त आणि रेघ. स्ट्रलेनला विचारा: ते सोळा सांगेल. युनिकोडच्या हिशोबाने त्यात क, र, हलन्त, ज, त अशी पाच चिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, आणि रेघेला एक. मघाची बेरीज इथे करून बघा: सात घरं पुढे सरकलं की आपण हलन्ताच्या मधल्या बाइटवर जाऊन आदळतो. पडद्यावर आधी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं, मग ‘जत-’. मागे १८४ जोडायचे आणि तेही देवनागरीत, तर आणखी नऊ बाइट. रोमनला अकरा घरांत मावणाऱ्या नावाला देवनागरीत सव्वीस लागतात.

आणि पर्सेंट-डी तुम्हाला देवनागरी अंक देणार नाही. ते १८४ चं इंग्रजी रूपच लिहील. देवनागरी हवं असेल तर एकेक अंक घेऊन त्याचे तीन बाइट करावे लागतात: २२४, मग १६५, मग १६६ मध्ये तो अंक मिळवून. एकासाठी शेवटचा बाइट १६७, आठासाठी १७४, चारासाठी १७०. अंक सलग क्रमाने ठेवलेले असल्यामुळे ही बेरीज जमते. हे फंक्शन दहा-बारा ओळींचं होतं आणि ते लिहून झालं की बाइट, चिन्ह आणि अक्षर या तिन्हींतला फरक मुलांना पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. एसएन-प्रिंटएफची कात्री इथे जास्त विचित्र चालते. पंचवीस घरं दिली तर ‘४’चे दोन बाइट राहतात, तिसरा जातो, आणि नावाच्या शेवटी मोडकं चिन्ह दिसतं. ते बरं, निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. तेवीस दिली तर स्वच्छ ‘कर्जत-१८’.

यूटीएफ-८ ची मांडणी १९९२ मध्ये केली ती केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी. हे थॉम्प्सन तेच, बी भाषेवाले. मजकुराच्या शेवटी खूण ठेवायची जी चाल त्यांच्या भाषेतून सीत आली होती, तिला धक्का लागू नये म्हणून कुठल्याही अक्षराच्या बाइटांमध्ये शून्य येणार नाही, अशी तजवीज या मांडणीत आहे. १९७२ च्या भाषेतल्या स्ट्रिंगमध्ये आज मराठी मजकूर न तुटता राहतो तो त्यामुळे.

जोडलेला आकडा पुन्हा सोडवून घ्यायची वेळ येते तेव्हा वेगळी गंमत. वाणांची यादी स्ट्रकंपने लावली की कर्जत-१८४ येतो कर्जत-२ च्या आधी, कारण तुलना चिन्हागणिक होते आणि एक दोनाच्या आधी. ०००७ सारखी शून्यं भरली तर क्रम सुधारतो. पर्सेंट आणि डीच्या मध्ये शून्य आणि रुंदी लिहिली की झालं. पण मग तीच शून्यं भरलेली ०१० परत वाचताना स्ट्रटोलला पाया शून्य दिला, तर ते त्याला आठच्या पायातली संख्या समजून ८ परत देतं. रेघेपासून वाचायला सुरुवात केली तर १८४ ऐवजी उणे १८४ मिळतात. देवनागरी अंक दिले तर सरळ शून्य, कारण ते अंक आहेत हेच त्याला कळत नाही. आणि कर्जत-१४-७? एटीओआयला ‘१४-७’ दिलं तर ते चौदावर थांबतं. वजाबाकी करत नाही, एवढं नशीब. अशा नावातून एक संख्या काढायचा हट्टच चूक आहे. दोन वेगळे भाग म्हणून ते साठवायला हवेत आणि दाखवताना जोडायला हवेत. सातबाऱ्याच्या ४७/२/अ चंही तेच.

पुस्तिकेत प्रत्येक उदाहरण दोनदा दिलं आहे, एकदा रोमन मजकूर घेऊन आणि एकदा देवनागरी. आधी रोमन चालवा, उत्तर पटलं की देवनागरीकडे या. सगळी उदाहरणं जीसीसीवर तपासली आहेत. इशारे चालू ठेवून कंपाइल करा आणि आलेला प्रत्येक इशारा वाचा. टर्बो सीवर देवनागरीची उदाहरणं चालणार नाहीत, तो नाद सोडा. प्रोग्राममधल्या मूळ संख्या इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात, देवनागरी अंक फक्त अवतरणांच्या आत. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली आहे आणि टर्मिनलही त्याच मांडणीवर आहे, एवढं आधी बघून घ्या. नाहीतर प्रोग्राम बरोबर असेल, पडद्यावर चौकोन दिसतील आणि तुम्ही उगाच स्ट्रलेनवर संशय घेत बसाल.